मसाई माराला नेलेली भाड्याची लेन्स: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी कॅमेरा आणि लेन्स भाड्याने देतो, पश्चिम महाराष्ट्रातली बरीच हौशी वाइल्डलाइफवाली मंडळी माझ्याकडून मोठ्या लेन्सेस नेतात. हे प्रकरण २०२४ च्या ऑगस्टमधलं. गिऱ्हाईक म्हणजे एक डॉक्टर आणि त्यांची मुलगी. दोघांची परवानगी घेऊनच लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण सामान, वजनं आणि निर्णय जसे झाले तसेच ठेवलेत कारण शिकण्यासारखं सगळं त्यातच आहे.

ट्रिप होती केनियातल्या मसाई माराची, जुलै ते ऑक्टोबर तिथं विल्डबीस्टचे, म्हणजे हरणासारख्या मोठ्या प्राण्यांचे, कळप नदी ओलांडतात त्या सीझनमध्ये. मुंबईहून नैरोबी थेट विमान, सहाएक तासांचं, आणि पुढे मारापर्यंत एकतर गाडीने पाच-सहा तास नाहीतर नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टवरून छोटं विमान.

सामानात डॉक्टरांची स्वतःची निकॉन झेड ९ बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि १००-४०० लेन्स (आकडे मिलिमीटरचे, जितके मोठे तितकं लांबचं जवळ दिसतं), मुलीची झेड ८ आणि २४-१२०, आणि माझ्याकडून भाड्याने घेतलेली ६०० एफ/४ (एफपुढचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो), ती आतच टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लांबचं आणखी जवळ आणणारी काच, असलेली. नवी घ्यायला गेलं तर ही एकटी लेन्स दहा लाखांच्या वर जाते. भाड्याने नेणाऱ्याला सगळ्यात जास्त ताण ह्याचाच असतो की वस्तू आपली नाही आणि फुटली तर भरून द्यायची ऐपत असली तरी इच्छा कुणाचीच नसते.

अडचण नेमकी काय होती

वजन. ट्रिपच्या पंधरा दिवस आधी मी दोघांना दुकानात बोलावलं आणि सगळं सामान टेबलावर मांडून एकेक काट्यावर ठेवलं. झेड ९ बॅटरीसकट १ किलो ३४०. झेड ८ म्हणजे ९१० ग्रॅम. ६०० ची लेन्स ३ किलो २६०. १००-४०० ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसकट १ किलो ४३५. २४-१२० म्हणजे ६३०. बेरीज साडेसात किलोच्या वर, आणि ह्यात बॅग नाही, लॅपटॉप नाही, चार्जर नाही, बॅटऱ्या नाहीत. त्यांच्या तिकिटावर केबिनमध्ये माणशी ७ किलो. चांगली कॅमेरा बॅकपॅक रिकामीच दोन-अडीच किलोची असते, म्हणजे सामान ठेवायच्या आधीच तिसरा हिस्सा संपला.

डॉक्टरांचा पहिला विचार असा होता की सगळं एकाच मोठ्या बॅगेत भरू, म्हणजे लक्ष एकाच ठिकाणी राहील. ऐकायला बरोबर वाटतं. पण एकच बॅग म्हणजे काउंटरवर किंवा गेटवर कुणी एकाने "ही खाली टाका" म्हटलं की दोन बॉड्या, तीन लेन्स आणि सगळ्या बॅटऱ्या एका फटक्यात हातातून जातात.

दुसरी अडचण पैशांची. चेक-इन सामान हरवलं किंवा फुटलं तर एअरलाइन सगळं भरून देते असं खूप जणांना वाटतं. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो, त्यात सामानासाठी माणशी मर्यादा त्यावेळी १,२८८ एसडीआर होती (२८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ झाली). एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे, तेव्हाच्या भावाने ही रक्कम दीड लाखाच्या आतच होती. दहा लाखांची लेन्स आणि दीड लाखाच्या आतली मर्यादा, ह्यातला फरक कोण भरणार? करारात जादा रक्कम घोषित करून जादा आकार भरायची सोय आहे, पण डॉक्टरांनी फोन केल्यावर कॅमेऱ्यासाठी ती मिळणार नाही असंच उत्तर आलं.

तिसरी, परत येतानाची कस्टम्स. तेव्हाच्या नियमाने परत येणाऱ्या भारतीयाला ५० हजारांपर्यंत सूट आणि त्याच्या वरच्या किमतीवर ३८.५ टक्के ड्यूटी. लेन्स आपण इथूनच नेली होती हे दाखवता आलं नाही आणि अधिकाऱ्याने ती तिकडे विकत घेतलेली धरली, तर दहा लाखांवर सूट वजा जाता साडेतीन लाखांच्या वर आकडा जातो.

कोणते पर्याय तपासले

६०० न्यायचीच नाही, १८०-६०० न्यायची, हा माझा पहिला सल्ला. माझं भाडं त्यात कमी होत होतं तरी मी तो दिला कारण ती लेन्स साधारण दोन किलोची आहे, किंमत बरीच कमी, आणि डोक्याला ताप कमी. डॉक्टर म्हणाले, "पहाटेच्या उजेडात मला एफ/४ च पाहिजे, ह्या ट्रिपसाठी किती वर्षं थांबलोय." ते म्हणणं खोटं नव्हतं. सकाळी सूर्य वर यायच्या आधीचा अर्धा तास तिथं सोन्यासारखा असतो आणि एफ/६.३ वर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, दुपटीहून जास्त वाढवावी लागते.

हार्ड केसमध्ये भरून खाली सोडायची हा दुसरा पर्याय. फोममध्ये लेन्स सुरक्षित राहते हे खरं, पण कुलूपबंद हार्ड केस बघितली की आत काहीतरी महागाचं आहे हे लांबूनच कळतं. आणि इन्शुरन्सवाल्याशी बोललो तेव्हा पॉलिसीत चेक-इन केलेल्या कॅमेरा सामानाला कव्हरच नव्हतं. विषय तिथेच संपला.

इन्शुरन्सवर जरा जास्त लिहितो कारण इथे बहुतेक लोक न वाचता सही करतात. डॉक्टरांकडे प्रवासाची पॉलिसी होती, त्यात सामानाचं कव्हर होतं पण एका वस्तूमागे मर्यादा इतकी कमी की लेन्सची कॅपसुद्धा जपूनच धरावी. माझ्या दुकानाची इक्विपमेंटची ऑल रिस्क पॉलिसी होती पण ती फक्त भारतापुरती. त्यावर जादा प्रीमियम भरून तेवढ्या दिवसांसाठी परदेशाचं कव्हर वाढवून घेतलं, तो खर्च आम्ही निम्मा निम्मा केला. त्यातलं एक कलम मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं: उभ्या गाडीत कुणी नसताना चोरी झाली तर क्लेम नाही. ह्या एका ओळीने पुढे त्यांची जेवायची पद्धतच बदलली, ते येतंच.

मग विल्सनवरून छोटं विमान की रस्ता. त्या छोट्या विमानांत माणशी १५ किलो, आणि त्यात हातातलं सामानसुद्धा धरतात, बॅगही मऊ लागते, चाकाची कडक सुटकेस चालत नाही. जादा वजनासाठी एक सीट विकत घेता येते. हिशोब केला तर दोघांचं मिळून ३० किलो, कॅमेऱ्याचं चौदा-पंधरा, उरलेल्यात कपडे, बसत होतं पण घासून. शेवटी ग्रुपची गाडी जाणारच होती म्हणून रस्ता ठरला.

काय केलं

सामान किमतीप्रमाणे लावायचं नाही, काय नसलं तर ट्रिप फुकट जाईल त्याप्रमाणे लावायचं, असं आम्ही ठरवलं. जाताना सगळ्यात वर एक बॉडी, एक लांब लेन्स, चार्जर आणि दोन बॅटऱ्या. चार्जर लेन्सच्या मानाने स्वस्त वस्तू आहे पण तो नसला तर बॅटऱ्या भरायची सगळी भिस्त यूएसबीच्या वायरीवर, आणि मारात दुसरा कुठे विकत मिळणार? म्हणून चार्जर चेक-इन बॅगेतून काढून केबिनमध्ये घेतला आणि त्याबदल्यात २४-१२० कपड्यांत गुंडाळून खाली टाकली. मुलीला ते सुरुवातीला पटेना, लेन्स खाली आणि चार्जर वर कसा काय! पण तिने स्वतःच विचार करून सांगितलं की बाबांच्या फोनवर वाइड फोटो निघेल, पण फोनने बॅटरी चार्ज होणार नाही.

दोघांत विभागणी अशी की प्रत्येकाजवळ एक पूर्ण संच असावा. डॉक्टरांकडे झेड ९ आणि ६००, मुलीकडे झेड ८ आणि १००-४००. एक बॅग गेली तरी दुसऱ्याच्या बॅगेवर ट्रिप निभावते. ६०० ला तिचं स्वतःचं मऊ पाऊच, खांद्यावर टाकायच्या पट्ट्यासकट, आणि ते पाऊच बॅकपॅकच्या आत. बॅगेत बॅग ठेवल्याने पाव किलो वाढलं, पण ह्याच पाव किलोने पुढे लेन्स वाचवली.

बॅटऱ्यांचं काम मी स्वतः बसून केलं. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये, खाली अजिबात नाही. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) चालतात, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन, त्याच्या वर बंद. झेड ९ ची बॅटरी १०.८ व्होल्ट आणि ३,३०० एमएएच, गुणाकार केला की ३६ वॉट-अवर, प्रश्नच नाही. अडकली ती डॉक्टरांची पॉवर बँक. ३०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने १११ वॉट-अवर. घरी ठेवली, २०,००० वाली घेतली, ती ७४. प्रत्येक सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावली.

धुळीसाठी आधी झिपलॉक पिशव्या आणल्या होत्या. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून कडक बंदी आहे, कशाला वाद, म्हणून त्या काढून सुती उशीचे अभ्रे घेतले. जुने, धुऊन मऊ झालेले अभ्रे लेन्सवर छान बसतात आणि लॅपटॉपलाही चालतात. गाडीत लेन्स टेकवायची बीन बॅग रिकामीच नेली, तिकडे तांदूळ भरला.

मग कस्टम्सचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे वस्तू इथूनच नेली होती ह्याचा दाखला. मुंबईत निघताना, सामान चेक-इन करायच्या आधी, कस्टम्सच्या अधिकाऱ्याला वस्तू आणि सिरीयल नंबर प्रत्यक्ष दाखवून ते घ्यायचं असतं. मी लेन्सच्या बिलाची कॉपी आणि दुकानाच्या लेटरहेडवर "ही लेन्स अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ह्यांना भाड्याने दिली आहे" असं पत्र दिलं. काउंटर शोधणं, अधिकारी येणं, नंबर टिपणं, ह्यात तासाच्या वर गेला. ते नेहमीपेक्षा दीड तास आधी पोचले होते म्हणून निभावलं.

इथे एक गोष्ट सुटली. झेड ९, ६०० आणि १००-४०० सर्टिफिकेटवर आली. झेड ८ राहिली, कारण मुलीने ती एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून सेकंडहँड घेतली होती आणि तिच्या नावाचं बिल नव्हतं. अधिकाऱ्याने बिल मागितलं, रात्रीची वेळ, रांग मागे, आणि मुलगी म्हणाली, "राहू दे बाबा, एकच तर बॉडी आहे." डॉक्टरांनीही मान डोलावली.

जाताना काउंटरवर डॉक्टरांची बॅग नऊ किलोच्या पुढे भरली. त्यांनी वाद न घालता झेड ९ गळ्यात घातली, लॅपटॉप वेगळ्या हातातल्या बॅगेत घेतला, बॅग पुन्हा काट्यावर ठेवली. सुटलं. प्रत्येक वेळी सुटेलच असं नाही, पण काय बाहेर काढायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे काउंटरवर बॅग उसकटत बसावं लागलं नाही.

नैरोबीहून माराला जाताना नारोक गावात जेवणासाठी गाडी थांबली. ग्रुपमधले बाकीचे उतरले, डॉक्टर आत बसून राहिले, मुलगी जेवून आली मग ते गेले. कुणीतरी म्हणालं की ड्रायव्हर आहे ना, कशाला एवढं. पण पॉलिसीतली ती ओळ त्यांच्या डोक्यात होती आणि ड्रायव्हरही पाच मिनिटांत चहा घ्यायला उतरलाच.

परत येताना काय झालं

परतीला सामानाचा क्रम उलटा होतो, आणि ह्या प्रकरणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. जाताना लेन्स नसली तर ट्रिप बुडते. येताना ट्रिप झालेली असते, आता लेन्सची भरपाई पैशांत होते पण फोटोंची होत नाही. लोक येताना थकलेले असतात आणि जसं भरून नेलं तसंच भरून आणतात, कार्ड्स आणि हार्ड डिस्क एकाच बॅगेत, बहुतेक वेळा लॅपटॉपच्या शेजारी.

ह्यांनी रोज रात्री कॅम्पवर जनरेटर चालू असेपर्यंत दोन एसएसडीवर, म्हणजे छोट्या डिस्कवर, कॉपी घेतली आणि कार्ड्स शक्यतो फॉरमॅट केली नाहीत, जादा कार्ड्स नेली होती. निघताना एक एसएसडी डॉक्टरांच्या कमरेच्या पाऊचमध्ये, दुसरी मुलीच्या, कार्ड्सचं पाकीट मुलीच्या जॅकेटच्या आतल्या खिशात. बॅगेत फोटोंची एकही कॉपी नाही.

नैरोबीच्या गेटवर विमान फुल, वरचे रॅक भरणार म्हणून स्टाफने मोठ्या बॅगांना टॅग लावायला सुरुवात केली. डॉक्टरांची बॅग उचलली. त्यांनी एकदा विचारलं, आत महागडी लेन्स आहे, बॅटऱ्या आहेत. उत्तर आलं, बॅटऱ्या काढून घ्या, बॅग जाईल. बॅग खाली ठेवून दोघंही गुडघ्यावर बसले. आधी बॅटऱ्या, त्या जॅकेटच्या खिशात. मग आतलं पाऊच, लेन्स थेट खांद्यावर. झेड ९ गळ्यात. इथवर ठरल्याप्रमाणे.

मग प्रश्न आला १००-४०० चा, ती परतीला डॉक्टरांच्या बॅगेत आली होती कारण मुलीच्या बॅगेत तिने कॅम्पवरून घेतलेल्या भेटवस्तू भरल्या होत्या. एक हात शिल्लक होता, लॅपटॉप की लेन्स. फोटोंच्या दोन कॉपी अंगावर होत्या, त्या दृष्टीने लॅपटॉप खाली गेला असता तरी चाललं असतं. पण त्यात दवाखान्याची पेशंट्सची माहिती होती. डॉक्टरांनी लॅपटॉप उचलला आणि लेन्स अभ्र्यात गुंडाळून, वर स्वेटर घालून बॅगेतच ठेवली. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. लेन्स त्यांची स्वतःची होती, नुकसान त्यांच्यापुरतं होतं, पेशंट्सची माहिती दुसऱ्यांची होती.

बॅग मुंबईत आलीच नाही. बेल्टवरून हलायच्या आधी त्यांनी एअरलाइनच्या काउंटरवर पीआयआर करून घेतला, म्हणजे सामान न आल्याचा किंवा मोडल्याचा लेखी रिपोर्ट, त्याचा नंबर घेतला.

कस्टम्सला खांद्यावरची लेन्स लपण्यासारखी नव्हतीच. सर्टिफिकेट दाखवलं, नंबर जुळवले, दोन मिनिटांत झालं. मग अधिकाऱ्याने मुलीच्या झेड ८ कडे बोट केलं. कागद नाही. पाऊण तास गेला. तिने क्लाउडवरचे आदल्या वर्षीचे इथलेच फोटो उघडून दाखवले, ज्यांच्या माहितीत बॉडीचा सिरीयल नंबर होता, शिवाय विकणाऱ्याला ऑनलाइन पैसे पाठवल्याची नोंद. वरिष्ठांनी बघून सोडलं. त्यांनी सोडलंच पाहिजे असं मात्र नव्हतं.

बॅग दुसऱ्या दिवशी आली. सर्टिफिकेटवर १००-४०० चा नंबर होताच, त्याची झेरॉक्स दिल्यावर मागून आलेल्या सामानाला कस्टम्सची अडचण आली नाही. पण लेन्सचं हूड, म्हणजे पुढे बसवायचं ऊन अडवणारं कडं, फुटलं होतं आणि झूम रिंग अडकत होती.

भरपाईचं कसं झालं

नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, उशिराची २१ दिवसांत. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी फोटो, पीआयआर नंबर, सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट जोडून मेल केला. पहिलं उत्तर ठरलेलं, नाजूक वस्तूंची जबाबदारी आमची नाही, ते आमच्या अटींत लिहिलंय. त्यांनी दुसऱ्या मेलमध्ये दोन गोष्टी लिहिल्या. एक, बॅग आम्ही चेक-इन केली नव्हती, गेटवर तुमच्या स्टाफने घेतली, आणि टॅगचा तुकडा हा. दोन, मॉन्ट्रियल कराराच्या कलम २६ प्रमाणे करारातली जबाबदारी टाळणारी अट धरलीच जात नाही. भारताने हा करार २००९ मध्ये स्वीकारलाय. बरेच दिवस गेले, मग दुरुस्तीचं बिल मंजूर झालं, हूडचे पैसे मात्र दिले नाहीत. डॉक्टरांनी ते सोडून दिलं, मी असतो तर सोडलं नसतं.

काय वेगळं करता आलं असतं

झेड ८ चं बिल. सेकंडहँड बॉडी घेताना मूळ बिलाची कॉपी आणि "अमुक नंबरची बॉडी अमुक माणसाला विकली" असं सहीचं साधं पत्र घेतलं असतं तर मुंबईत निघतानाच ती सर्टिफिकेटवर आली असती. आता माझ्याकडे परदेशी जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी भाड्याच्या वस्तूंबरोबर त्यांच्या स्वतःच्या वस्तूंचे कागदही आधी मागतो, काहींना ते आवडत नाही, चालेल.

दुसरं, परतीची पॅकिंग. जाताना आपण टेबलावर बसून तासभर घालवला, येताना कॅम्पवर वीस मिनिटांत बॅगा भरल्या गेल्या आणि प्रत्येकाकडे पूर्ण संच ही विभागणी तिथेच मोडली. भेटवस्तू चेक-इनमध्ये गेल्या असत्या तर १००-४०० मुलीजवळच राहिली असती आणि तिच्या बॅगेला गेटवर कुणी हातही लावला नव्हता.

रस्ता की छोटं विमान ह्यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. डॉक्टरांचं म्हणणं, पुढच्या वेळी जादा सीट विकत घेऊन विल्सनवरून उडू, सहा तासांचे हादरे आणि धूळ लेन्सला बरे नाहीत. मी म्हणतो सीटच्या पैशांत परदेशाच्या कव्हरचा प्रीमियम निघतो आणि गाडीत लेन्स मांडीवर असते, छोट्या विमानात ती मागच्या जाळीत कपड्यांच्या बॅगांखाली जाते. मुलीने ह्यावर तिसराच तोडगा काढलाय: १८०-६०० घ्या आणि दोघंही गप्प बसा.